उपचार संपल्यानंतरची रजा

रेडिएशन चालू असताना बाईने कामावर यायचं नाही, असं माझं ठाम मत होतं. एका महामंडळाच्या आस्थापना शाखेत माझी बहुतेक सगळी नोकरी झाली. कोणाची किती रजा शिल्लक आहे, कोणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र अपुरं आहे, कोणाला रुजू करून घ्यायचं आणि कोणाला ‘फिटनेस आणा’ म्हणून परत पाठवायचं, हे सगळं माझ्या टेबलावरून जातं. त्यामुळे माझं मत माझ्यापुरतं राहत नाही. दुसऱ्याच्या अर्जावर ते टिपणी होऊन उतरतं.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एक स्टेनो बाई माझ्याकडे आल्या होत्या. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं, केमो आटोपलेली, रेडिएशन सुरू व्हायचं होतं. “मॅडम, सकाळी रेडिएशन घेऊन साडेअकरापर्यंत आले तर चालेल का?” मी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. म्हटलं, “काही गरज नाही. रजा तुमच्या हक्काची आहे, घ्या. तुमच्यावाचून ऑफिस बुडत नाही.” अर्जही मीच भरला, त्यांनी फक्त सही केली. आपण एका बाईचं भलं केलं, या समाधानात मी संध्याकाळची लोकल पकडली.

या मताला कारण होतं. महिला दिनाला आमच्याकडे एक कार्यक्रम असतो. त्यात एकदा ‘केमोथेरपी चालू असतानाही एकही रजा न घेणाऱ्या’ एका कर्मचारी भगिनीचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. टाळ्या झाल्या, फोटो झाले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. अशा एका सत्कारामुळे पुढच्या दहा जणींच्या रजेकडे साहेब लोक भुवया उंचावून बघतात, असं मी तेव्हा म्हणाले. ते आजही म्हणते. त्या मताला मी धक्का लावलेला नाही.

मग माझीच पाळी आली. डावा स्तन. गाठ काढली, काखेतल्या गाठी तपासायला काढल्या, केमो झाली. केमोच्या वेळी कामाचा प्रश्नच नव्हता. उलट्या, तोंड आलेलं, पांढऱ्या पेशी खाली, मी सरळ रजेवर होते. रेडिएशनच्या आधी डॉक्टरांना विचारलं, “काम करू का?” त्यांनी उलट विचारलं, “तुम्ही काय काम करता?” मी म्हटलं, “बसून.” “आणि ऑफिसला जाता कशा?” मी म्हटलं, “डोंबिवलीहून.” यावर ते हसले आणि म्हणाले, “मग काम ऑफिसात नाहीच, काम रेल्वेत आहे.” हो किंवा नाही, असं त्यांनी काहीच सांगितलं नाही. बऱ्याच जणी रेडिएशन चालू असताना काम करतात, बऱ्याच जणी करत नाहीत, दोन्ही ठीक आहे, एवढंच म्हणाले.

माझ्या जुन्या मताप्रमाणे मी तिथल्या तिथे रजेचा अर्ज टाकायला हवा होता. टाकला नाही. त्याचं कारण धैर्यबिर्य काही नाही. कारण आमचं घर.

केमोच्या रजेत मी ‘विश्रांती’ घेत होते. म्हणजे काय, ते सांगते. सकाळी दूधवाला, मग गॅस सिलिंडर, मग बघायला येणारी माणसं. बघायला आलेल्यांना चहा लागतो. चहा झाला की ते आपल्या ओळखीतल्या कोणाला कॅन्सर झाला आणि ती कशी गेली, ते सांगतात. सासूबाई मनाने चांगल्या आहेत, पण त्यांचं पथ्याचं जेवण आणि माझं पथ्याचं जेवण यांचा मेळ बसत नाही, आणि दोन्ही करणार कोण? नवरा डबा बाहेरून आणायला तयार होता. पण ‘ती घरातच तर आहे’ हे वाक्य आमच्या घरात कोणी उच्चारत नाही, नुसतं हवेत असतं. केमोनंतर चौथ्या-पाचव्या दिवशी उभं राहता यायला लागलं की मी ओट्याशी असायची. ऑफिसात मात्र मी खुर्चीवर बसते, चहा शिपाई आणून देतो, आणि माझ्या टेबलाशी येणारा माणूस स्वतःच्या वेतनवाढीबद्दल बोलतो. बायकांची रजा म्हणजे विश्रांती, हे मी इतकी वर्षं कोणत्या आधारावर गृहीत धरलं होतं? रजा मंजूर करताना अर्जदाराच्या घरी स्वयंपाक कोण करतं, असा रकाना आमच्या नमुन्यात नसतो.

दुसरं कारण हिशोबाचं. आमच्याकडे दर जानेवारीला आणि दर जुलैला दहा-दहा दिवसांची अर्धवेतनी रजा खात्यात जमा होते. आजारपणात पूर्ण पगार हवा असेल तर ती परिवर्तित करून घ्यायची, पण मग एका दिवसाला दोन दिवस वजा होतात. केमोने माझं खातं बरंच रिकामं केलं होतं. दुसऱ्यांची सेवापुस्तकं भरताना हा दुपटीचा नियम मी हजारदा लिहिला असेन. स्वतःच्या पानावर तो लिहिताना हात आखडला.

असं करत मी कामावर जायचं ठरवलं.

रेडिएशन हा प्रकार बाहेरून फारच साधा दिसतो, आणि तिथेच घोटाळा होतो. आधी सीटी स्कॅन करून आखणी होते, अंगावर शाईच्या खुणा करतात. मग रोज त्याच फळीवर, दोन्ही हात डोक्यावर धरून, त्याच खुणांवर लाल-हिरव्या रेषा जुळवून झोपायचं. टेक्निशियन बाहेर जातात, दार बंद होतं. डाव्या बाजूचं असेल तर पुष्कळ ठिकाणी श्वास रोखायला शिकवतात, कारण छाती भरून श्वास घेतला की हृदय किरणांच्या वाटेतून जरा मागे सरकतं. स्पीकरवरून आवाज येतो: श्वास घ्या, रोखा, सोडा. मशीन गुणगुणतं. दुखत नाही, भाजत नाही, काही कळतच नाही. प्रत्यक्ष किरण काही मिनिटंच चालतात, आटापिटा सगळा आखणीचा आणि रांगेचा. पूर्वी हे पाच आठवडे, २५ वेळा चालायचं. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचण्यांनंतर आता पुष्कळ जणींना तीन आठवड्यांत १५ वेळा, ४० ग्रे एवढी मात्रा देतात, आणि कोणाकोणाला गाठीच्या जागेवर वरून थोडा जादा डोस. २०२० साली तिथल्याच आणखी एका चाचणीत निवडक रुग्णांना आठवड्याभरात पाच वेळा, २६ ग्रे देऊन तसेच निकाल मिळाल्याचं प्रसिद्ध झालं. मला तीन आठवडे आणि वर जादा डोस असं सांगितलं होतं. मी मनात म्हटलं, एवढंच ना? गणपतीच्या आधीच्या बिलांच्या गर्दीत याहून जास्त दिवस मी रात्री नऊपर्यंत बसले आहे.

माझी वेळ सकाळची होती. दिव्यांगांच्या डब्यात कर्करोगाच्या रुग्णांनाही बसता येतं, हे मला ठाऊक होतं, पण पहिल्यांदा चढताना फार अवघड वाटलं. केस परत येऊ लागले होते, बाहेरून मी धडधाकट दिसत होते. एका गृहस्थांनी म्हटलंच, “मॅडम, लेडीज डबा पुढे आहे.” मी रुग्णालयाचं पत्र दाखवलं. ते काही न बोलता सरकले. त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता, आणि त्यांच्या सरकण्याने मला कसंनुसं झालं. पुढे त्यांची माझी ओळख झाली, ते कल्याणहून यायचे. माझी जागा ते पिशवी ठेवून धरायचे.

ऑफिसात पहिल्या आठवड्यात एक प्रकार झाला. आमच्यातली एक मुलगी गरोदर होती. ती माझ्याशेजारचं टेबल सोडून दुसऱ्या टोकाला बसायला लागली आणि डबाही तिकडेच खायला लागली. मी रागावले नाही. तिला बोलावून सांगितलं की बाहेरून दिलेले किरण मशीन बंद झालं की संपतात, माझ्या अंगात काही उरत नाही. मी माझ्या नातवालाही उचलू शकते, फक्त डाव्या हाताने नाही. शरीरात काही ठेवून आतून उपचार करतात तेव्हाची गोष्ट वेगळी असते, तिने तेच कुठेतरी ऐकलं होतं. ती परत आली. तिची आई मात्र फोनवर तिला अजून विचारत असायची, असं तिनेच हसत सांगितलं.

आता प्रतीक्षागृहाबद्दल. माझं मत खरं तिथे हललं.

रोज त्याच वेळेला त्याच बायका. त्यांत घाटकोपरच्या एक पोळीवाल्या मावशी होत्या. पहाटे चारला उठून गिऱ्हाइकांच्या पोळ्या लाटायच्या, डबे भरायचे, आणि मग इथे. मी त्यांना माझ्या सवयीने म्हटलं, “मावशी, हे संपेपर्यंत तरी काम बंद ठेवा.” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्पच झाले. “बंद ठेवीन हो. पण गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं की परत येतं का? तुमच्या ऑफिसात खुर्ची राहते. माझा तवा कोण राखणार?” डॉक्टरांनी त्यांना शेगडीची धग छातीवर घेऊ नका म्हणून बजावलं होतं. त्यांनी भाचीला तव्यावर उभं केलं होतं. स्वतः पंख्याखाली बसून कणीक तोलायची, डबे मोजायचे, उधारी लिहायची. “भाची पोळी जाड करते,” एवढीच त्यांची तक्रार.

काम करायचं की नाही, असा प्रश्न मी आयुष्यभर विचारत आले. कामातलं काय सोडायचं, असा प्रश्न त्या बाईने विचारला आणि दोन दिवसांत सोडवलाही. माझ्या सगळ्या नियमावलीत याला जागा नव्हती. आमच्याकडे माणूस एकतर हजर असतो, नाहीतर रजेवर. अर्धा दिवस फक्त किरकोळ रजेत मिळतो, आणि किरकोळ रजा वर्षाला आठ.

तिथेच जळगाव-नांदेडकडच्या बायकाही असायच्या. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा नातेवाइकांकडे राहून उपचार घेणाऱ्या. त्यांच्यासाठी काम करायचं की नाही हे अंतरानेच ठरवलेलं होतं. पाच आठवड्यांऐवजी तीन आठवडे म्हणजे काय, हे त्यांच्याकडून कळतं. एकीने मला सांगितलं, कापूस वेचणीच्या आत घरी पोचायचंय.

तर मी कामातलं काय सोडायचं ते शोधायला लागले. वरच्या फळीवरच्या नस्त्या मी स्वतः काढत असे. ते बंद केलं. सेवापुस्तकांचे गठ्ठे उचलणं बंद. काखेतल्या गाठी काढलेल्या हातावर ओझं नको, सूज येऊ शकते, हे फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलं होतंच. हात वर नेण्याचे व्यायाम मात्र चुकवायचे नाहीत, नाहीतर खांदा आखडतो आणि मग फळीवर हात वर धरून झोपताच येत नाही. अंगाला सैल सुती कुर्ते, पावडर नाही, घासून अंघोळ नाही. दुपारी जेवणानंतर रेकॉर्ड रूममध्ये अर्धा तास आडवं व्हायची परवानगी मी साहेबांकडे मागितली. त्यांनी दिली, लिहून मात्र दिली नाही.

दोन आठवडे सुखाने गेले. मग थकवा आला.

त्याच्याबद्दल ऐकलं होतं, पण मला वाटलं होतं झोप येईल, पाय दुखतील. तसं काही नव्हतं. वेतननिश्चितीचं एक प्रकरण पुढ्यात होतं, मला तोंडपाठ असलेलं काम. मागच्या वेतनश्रेणीतून नव्या स्तरावर आणायचं, १ जुलैची वेतनवाढ धरायची, फरक काढायचा. मी तो रकाना बेरीज करत खाली आले, दुसरीच बेरीज आली. परत केली, तिसरीच. आकडे दिसत होते, पण हाताशी येत नव्हते. टाकीतलं पाणी तळाला गेल्यावर नळाची धार जशी बारीक होते, तसं काहीतरी. मी पेन खाली ठेवलं आणि शेजारच्या मुलीला, त्या गरोदर मुलीला, म्हटलं, “बाई, एवढं तू कर.” तिने दहा मिनिटांत केलं. झोप काढून हा थकवा जात नाही. संध्याकाळी स्टेशनपर्यंत थोडं चाललं की उलट जरा बरं वाटायचं, आणि डॉक्टरही तेच सांगत होते, की निजून राहू नका, रोज चाला.

त्यात एके दिवशी मशीन बंद पडलं. अडीच तास बसवून उद्या या म्हणाले, आणि तो दिवस शेवटी वाढला. ऑफिसात मला उशीर, तिकडे उपचार नाहीत, असा दोन्हीकडून कोरा दिवस.

याच सुमारास तिथल्या नर्सबाई मला एक गोष्ट बोलून गेल्या. काखेखालची त्वचा लाल-काळी पडली होती, ती बघत म्हणाल्या, “हे आणखी वाढेल. शेवटच्या दिवसानंतरचे पंधरा दिवस जपा. सगळ्यांना वाटतं संपलं, आणि शरीर तेव्हा सुरू करतं.” किरणांचा परिणाम साचत जातो. त्वचा आणि थकवा दोन्ही अनेकदा उपचार संपल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी टोकाला जातात आणि मग हळूहळू उतरतात. मी चमकले. कारण मी आजवर जितक्या जणींचे अर्ज केले, ते सगळे रेडिएशन सुरू होण्याच्या दिवसापासून ते संपण्याच्या दिवसापर्यंत. दुसऱ्या दिवशी फिटनेस आणि हजर. म्हणजे ज्या दिवसांत त्या बऱ्यापैकी काम करू शकल्या असत्या, ते दिवस मी त्यांना घरी बसवलं आणि ज्या दिवसांत उभं राहवत नव्हतं, त्या दिवसांत मस्टरवर सही घेतली. त्या स्टेनो बाई रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात डिक्टेशन घेताना रडल्या होत्या. तेव्हा मी कोणाला तरी म्हटलं होतं, इतके दिवस घरी बसल्यामुळे सवय मोडली.

मग मी रजेचा अर्ज टाकला. शेवटच्या दिवसापासून पुढे दोन आठवडे. साहेब खरोखर बुचकळ्यात पडले. “अहो मॅडम, आता तर झालं ना सगळं? चालू असताना येत होतात, आणि आता?” त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटलेले होते, मीच वाटले होते. प्रमाणपत्रावर ‘उपचार पूर्ण’ असं लिहिलेलं. उपचार पूर्ण झालेल्या बाईला विश्रांतीची गरज आहे, असं वेगळं प्रमाणपत्र आणावं लागलं. आस्थापनेच्या बाईला आस्थापनेनेच परत पाठवलं. नियमाप्रमाणे बरोबर होतं, मीही तेच केलं असतं.

ते दोन आठवडे मी घरी राहिले नाही. बदलापूरला बहिणीकडे गेले. तिथे बघायला येणारं कोणी नव्हतं. काखेच्या घडीतली कातडी सोलवटली, हात अंगापासून लांब धरून झोपावं लागलं, दिवसचे दिवस पडून काढले. मग एका सकाळी कंटाळा आला. कंटाळा येण्याइतकी ताकद आली, हे माझ्या लक्षात आलं.

आता माझं मत काय, असं शाखेतल्या पोरी विचारतात. कामावर या, असं मी म्हणत नाही. उभं राहून शिकवणारी शिक्षिका, कंडक्टर, रात्रपाळीची नर्स, यांना माझं उदाहरण लावणं चुकीचं होईल. केमोने जिला पार खचवलं आहे तिलाही. आमच्याकडे ठेकेदारामार्फत आलेल्या डेटा एन्ट्रीच्या मुली आहेत. महिना २१ हजारांपर्यंत पगार असला की कर्मचारी राज्य विमा योजनेत त्या येतात. त्यात आजारपणात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के मिळतात, आणि कर्करोगासारख्या दीर्घ आजारात, पुरेशी वर्गणी भरलेली असेल तर, ८० टक्के दोन वर्षांपर्यंत. त्यांतल्या बहुतेकींना हे माहीतच नसतं, आणि माहीत असलं तरी परत आल्यावर जागा राहील याची हमी कोणी देत नाही. त्यांनी काय करावं हे मी कुठल्या तोंडाने सांगू?

मी एवढंच करते. कोणी रेडिएशनचा अर्ज घेऊन आलं की आधी खुर्ची देते. मग विचारते: घरी कोण आहे, स्वयंपाक कोण करतं, कुठून येता, कामात उचलणं-वाकणं किती, आणि शेवटची तारीख कोणती. रजा शिल्लक थोडी असेल तर ती शेवटासाठी राखा म्हणते. कोणी सगळी रजा आधीच घेते, तिच्या मनासारखं. कोणी मला विचारायला आलेलीच नसते, तिने ठरवलेलं असतं. स्टेनो बाई आता निवृत्त झाल्या. मी त्यांना फोन केला होता. त्या म्हणाल्या, “जाऊ द्या हो, तुम्ही चांगल्याच मनाने केलंत.” पुढे त्या नातीच्या बारशाबद्दल बोलत राहिल्या.

परत रुजू झाल्यावर मी एक टिपणी मांडली. किरणोपचार घेणाऱ्या कर्मचाऱ्यांना त्या काळात उशिरा येण्याची सवलत द्यावी, दुपारी आडवं होण्यासाठी जागा द्यावी, आणि उपचार संपल्यानंतरचे दोन आठवडे त्याच वैद्यकीय प्रमाणपत्रावर, वेगळ्या दाखल्याविना, रजा म्हणून धरावेत. तीन मुद्दे, दीड पान. नस्ती वर गेली आणि ‘चर्चा करावी’ असा शेरा घेऊन खाली आली. मी ती पुन्हा वर पाठवली आहे.